न कुजणारी कोळंबी

पाण्याबद्दल मला कोणी शिकवू नये! क्रिकेटबद्दल बोला, राजकारणाबद्दल बोला, मी मान डोलावीन. पण पाण्याचा विषय निघाला की मी खुर्ची पुढे ओढतो. अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं पाणी तपासलं. खोकल्याच्या औषधात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तेव्हा अर्ध्या मुंबईचा खोकला माझ्या सहीने बरा होतो, असं मी घरी नेहमी सांगत असे. घरी ते कोणी ऐकत नसे, ही गोष्ट वेगळी.

चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलात आमच्या कंपनीने अंकलेश्वरला नवा कारखाना काढला आणि पाणी विभागातल्या एका माणसाला तिकडे पाठवायचं ठरवलं. विभागात माणसं दोन. एक मी, अनंत परब, आणि दुसरा शिवदास मयेकर. म्हणजे मी नाही तर तो, तो नाही तर मी!

मला जायचं नव्हतं. सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, पार्ल्याच्या शाळेत नोकरी. आई अडुसष्ट वर्षांची. वडील गिरणीत होते तोवर ती परळच्या चाळीत राहिली, चार वर्षांपूर्वी आम्ही तिला अंधेरीच्या ब्लॉकमध्ये आणलं आणि आता कुठे तिने "मुंबईक कधी जावचा?" असं विचारणं थांबवलं होतं; तिच्या लेखी मुंबई म्हणजे परळ. तिला आणखी उचलून गुजरातेत नेणं शक्यच नव्हतं. आणि तिला सोडून एकट्याने जाणं मला जमणारं नव्हतं. शिवदासलाही जायचं नव्हतं. त्याची मुलगी दहावीला होती. पण ती काळजी त्याने करायची!

निर्णय होता आमच्या राजाध्यक्ष साहेबांच्या हातात. साहेब तीन महिन्यांसाठी स्वित्झर्लंडला ट्रेनिंगला निघाले होते आणि त्यांना एकच घोर लागला होता. बदलीचा नव्हे, माशांचा! त्यांच्याकडे एंजल माशांची एक जोडी होती. चपटे, रुपेरी, अंगावर काळे पट्टे. साहेबांना मूलबाळ नव्हतं आणि त्या माशांवर त्यांचा फार जीव.

"तीन महिने कोणी सांभाळील का हो?" चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारलं. शिवदासने तोंड उघडलं, पण तोवर मी उभा राहिलो होतो.

"साहेब, मी!"

"परब, तुमच्याकडे टाकी आहे?"

"आहे ना साहेब!" नव्हती.

"जुनी की नवी?"

"तशी... नवीच."

"मग महिनाभर पाणी मुरवावं लागेल. नव्या पाण्यात मासे टिकत नाहीत. जमेल?"

"साहेब," मी छाती पुढे काढून म्हणालो, "पाणी माझ्यावर सोडा!"

साहेब हसले. "मासे नीट राहिले, तर अंकलेश्वरचं बघू काहीतरी."

त्याच संध्याकाळी मी दीड फुटी काचेची टाकी घेऊन घरी आलो. आता टाकीचं पाणी मुरवणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. माशांच्या घाणीतून अमोनिया निघतो आणि अमोनियाने मासे मरतात. पण पाणी बरेच दिवस तसंच ठेवलं, तर तळाच्या गोट्यांवर एक प्रकारचे जंतू वाढतात. ते अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच! मग दुसरे जंतू येतात आणि ते नायट्राइट खातात. हे दोन्ही प्रकारचे जंतू नांदायला लागले की पाणी मुरलं. त्याला महिना लागतो आणि तोवर पाण्याला कोणी हात लावायचा नाही. जंतूंना खायला हवं म्हणून टाकीत काहीतरी कुजत ठेवायचं. मी एक कोळंबी घातली.

हे सगळं मी सुनंदाला समजावून सांगितलं.

"म्हणजे तुम्ही घरात जंतू पाळणार?" तिने वह्या तपासता तपासता विचारलं.

"चांगले जंतू गं!"

"आणि कोळंबी कुजवणार? खाली मेहता राहतात, वर शहा. वास गेला तर सोसायटीची मीटिंग लावतील."

"झाकण आहे ना!"

आईला मात्र मी काही सांगितलं नाही. अमोनिया, नायट्राइट, तिला काय कळणार? ती कोपऱ्यात बसून कोकमं निवडत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी देवांच्या फळीखालच्या टेबलावर टाकी ठेवली, मढच्या किनाऱ्यावरून आणलेले गोटे धुऊन तळाशी पसरले, पाणी भरलं आणि एक कोळंबी अलगद आत सोडली. मग पाणी निवळेपर्यंत दोन मिनिटं हात बांधून उभा राहिलो. आईने पदर सावरून नमस्कार केला. टाकीच्या वरच देव होते, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मग माझा दिनक्रम सुरू झाला. संध्याकाळी ऑफिसातून यायचं, हातपाय धुवायचे, टाकीतलं थोडं पाणी परीक्षानळीत घ्यायचं आणि त्यात ऑफिसातून आणलेल्या द्रावणाचे थेंब टाकायचे. अमोनिया असला की पाणी पिवळं होतं, फार असला की तपकिरी. पाहिलं की नळी मोरीत ओतायची आणि भिंतीवर लावलेल्या आलेखाच्या कागदावर टिंब काढायचं. अगदी शास्त्रशुद्ध!

पहिल्या दिवशी पाणी जेमतेम पिवळसर. ठीक. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशीही तेवढंच. पाचव्या दिवशी हळदीसारखं पिवळंजर्द व्हायला हवं होतं, तर तिथेही नुसती झाक! मी द्रावण बदललं, नळी बदलली, चष्मा पुसला. आलेखावरची टिंबं एका रेषेत निघाली होती, शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी राहतात तशी.

आणि कोळंबी? ती तर जशीच्या तशी! आठ दिवस झाले तरी ताजी टवटवीत, मिशांसकट. वास नाही, बुळबुळीतपणा नाही. एका संध्याकाळी ती मला आदल्या दिवसापेक्षा बोटभर मोठीही वाटली. पाणी शोषून फुगली असेल, असं मी वहीत लिहून ठेवलं. शास्त्रज्ञाने सगळं लिहून ठेवायचं असतं.

फक्त सोमवारी गडबड व्हायची. सोमवारी संध्याकाळी पाणी चक्क पिवळं व्हायचं, कोळंबीही जरा मलूल दिसायची, आणि मंगळवारी पुन्हा सगळं ठाकठीक! मी खूप डोकं खाजवलं. रविवारी कारखाने बंद असतात, नळाचा दाब बदलतो, त्याचा काहीतरी संबंध असणार, असं अनुमान काढलं. तेही लिहून ठेवलं.

त्या दिवसांत घरी कोळंबी फार होत होती. कोळंबीचं कालवण, कोळंबीचं सुकं, कोळंबी-भात. "वा! आई, मजा आहे!" असं म्हणून मी दोन घास जास्तच जेवत होतो. माणूस इतका आंधळा कसा असू शकतो, हे तुम्ही मला विचारू नका.

पंधराव्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, पाणी मुरत नाहीये."

"का?"

"कोळंबी कुजतच नाही!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मे महिन्यात? मुंबईत? पंधरा दिवस?"

"मिशांसकट ताजी आहे साहेब!" मी वही पुढे केली.

साहेबांनी वही वाचली, पुन्हा वाचली. सोमवारची टिंबं बघून तर ते खुर्चीतून उठलेच. "परब, हे नियमित आहे! दर आठवड्याला! काही तरी आहे यात! गोटे कुठले म्हणालात?"

"मढचे."

आता यात एक मेख होती. आमच्या खोकल्याच्या औषधाला त्या वर्षी बुरशी धरत होती आणि वरून रोज विचारणा होत होती. माल टिकवायचा कसा, या प्रश्नाने साहेबांची झोप उडाली होती. आणि इथे त्यांच्याच विभागातल्या माणसाने, नुसत्या दगडांच्या जोरावर, कोळंबी टिकवून दाखवली होती!

त्यानंतर जे झालं ते फार भराभर झालं. साहेबांनी ड्रायव्हरला मढला पाठवून गोणीभर गोटे आणले. प्रयोगशाळेत एक कोळंबी त्या गोट्यांवर ठेवली. ती दुसऱ्याच दिवशी अशी कुजली की पॅकिंग विभाग अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेला! पण साहेब डगमगले नाहीत. "तुमच्या घरचा उजेड, तुमच्या घरची हवा, काहीतरी वेगळं आहे," ते म्हणाले. "परब, रिपोर्ट लिहा!"

मी लिहिला. सोळा पानी. आम्हा दोघांच्या सह्यांनिशी तो शुक्रवारी वरच्या ऑफिसात गेला. शनिवारी डायरेक्टर साहेबांचा फोन आला की काम फार महत्त्वाचं आहे, चालू ठेवा. राजाध्यक्ष साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अंकलेश्वरचं विसरा आता. संशोधन सोडून तुम्ही कुठे जाणार? मयेकरला सांगतो मी."

शिवदासला त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. संध्याकाळी बाहेर पडताना तो म्हणाला, "अन्या, तिकडे मराठी शाळा असेल का रे?" मी "असेल ना यार," म्हणालो आणि लगबगीने घरी आलो. मला वाईट वाटलं. पण प्रामाणिकपणे सांगतो, त्याहून जास्त मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साडेपाचला मी नेहमीप्रमाणे दुधाच्या रांगेत गेलो. आमच्याकडे नळाला पाणीही त्याच वेळी येतं, पण तो प्रांत आईचा. ती चाळीत तीन मजले हंडे चढवलेली बाई. शिळं पाणी ओतायचं, भांडी चिंचेने घासायची, ताजं पाणी भरायचं, हे काम तिने आयुष्यात कोणाला करू दिलं नाही. मी रांगेतून परत येईपर्यंत घरातली सगळी भांडी चकचकीत भरलेली असतात.

पावणेसातला बाटल्या घेऊन जिना चढलो, तर दार उघडं. आत राजाध्यक्ष साहेब! पायाशी सूटकेस, बाजूला झाकणाची स्टीलची बरणी, हातात चहाचा कप. आणि समोर जमिनीवर माझी आई. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले, पुढ्यात रिकामी टाकी, आणि परातीत मढचे गोटे. ती ते एकेक करून चिंचेने घासत होती.

"या परब," साहेब शांतपणे म्हणाले. "माझी दिल्लीची फ्लाइट आहे आठची, तिथून पुढे स्वित्झर्लंड. दहा दिवस आधीच निघावं लागलं. म्हटलं, जाताना मासे ठेवावेत आणि ती कोळंबी एकदा डोळ्यांनी बघावी."

"साहेब... ही... आई, अगं हे काय करतेस?"

"काय म्हणजे?" आईने वर बघितलं. "रोजचाच. पाणी बदलतंय."

"रोज?"

"मगे? शिळा पाणी घरात ठेवतत?"

मी बाटल्या तिथेच जमिनीवर ठेवल्या.

"मावशेनु," साहेब पुढे वाकून म्हणाले. साहेब वेंगुर्ल्याचे, हे मला सतरा वर्षांत ठाऊक नव्हतं! "आणि सुंगट, ती कोळंबी?"

"तां पण रोज ताजा. कोळीण येता ना वर्सोव्याची, शकु, तिच्याकडसून घेतंय. एक सुंगट कोण देता? वाटोच घेवचो लागता. एक फ्रीजात ठेवतंय सकाळसाठी, बाकीच्याचा कालवण करतंय."

ती सगळी कालवणं माझ्या डोळ्यांसमोरून गेली.

"आणि सोमवारी?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज आता अगदी मऊ झाला होता.

"सोमवार पाळतंय नाय काय मी! सोमवारी सुंगटाक हात लावणंय नाय, मंगळवारचा रविवारीच काढून ठेवतंय. पाण्यात सुंगट, म्हणान पाण्याक पण हात लावणंय नाय."

साहेबांनी खिशातून माझ्या रिपोर्टची प्रत काढली. त्यात आठवड्याच्या नियमिततेवर अडीच पानं होती. त्यांनी ती पानं उलटली आणि घडी घालून पुन्हा खिशात ठेवली.

"पण आई, कशासाठी?" मी जवळजवळ ओरडलो. "कोळंबी ताजी कशाला ठेवत होतीस?"

आता आईलाच नवल वाटलं. तिने साहेबांकडे बघितलं, जणू हा मुलगा असा वेडा कसा निघाला हे त्यांनीच सांगावं.

"झिलाची बदली होता म्हणान सुनबाय बोलली. दुसऱ्या दिवशी ह्येना काचेची पेटी हाडल्यान, देवांखाली ठेवल्यान, सुंगट सोडल्यान, हात जोडून उभो रवलो. रोज सांजचो पाय धुवन येता, पाणी काढता, हळद घालता, भिंतीर टिंब काढता. माका काय कळणा नाय? राखण दिल्यान, राखण! बदली टळूक होई म्हणान. गावाक असतो तर कोंबो दिलो असतो. हय खाली मेहता, वर शहा, कोंबो खंय कापतलो? म्हणान सुंगटावर भागवल्यान. आता राखणेचा सुंगट कुजका ठेवतत? देव काय म्हणतलो?"

राखण म्हणजे आमच्या कोकणात राखणदार देवाला द्यायचा बळी. मी सुनंदाकडे वळलो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तू रोज बघत होतीस?"

"अहो, मला वाटलं तुम्हीच सांगितलंय त्यांना. तुमच्या प्रयोगात रोज काहीतरी वेगळंच असतं! तुम्ही विचारलंत कधी?"

खरं होतं. मी कोणालाच काही विचारलं नव्हतं आणि आईला तर काही सांगितलंही नव्हतं. मला लाज वाटली. साहेबांची नव्हे, तिची. ती बाई पहाटे उठून, माझी बदली टळावी म्हणून, अडीच बादल्या पाणी उपसत होती. आणि मी नळाच्या दाबावर निबंध लिहीत होतो.

साहेबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि घड्याळ बघितलं.

"परब, रिपोर्ट डायरेक्टरसाहेबांच्या टेबलावर आहे. माझी सही आहे त्यावर."

"साहेब, मी सांगतो त्यांना..."

"काय सांगणार? राखण?" साहेब उठले. "नाही. हे संशोधन नीट बंद पडलं पाहिजे, कोणी न हसता. संशोधन बंद केव्हा पडतं? संशोधक बदलून गेला की!"

"साहेब!"

"अंकलेश्वरला पाणी चांगलं आहे म्हणतात." त्यांनी भिंतीवरचा आलेखाचा कागद काढला, उलटा केला आणि टेबलावर टेकून ऑफिससाठी चार ओळी लिहिल्या. 'परब यांची बदली झाल्याने सदर काम स्थगित ठेवण्यात येत आहे.' खाली सही. "मयेकरला उद्या सांगा, राहायचंय म्हणून. तुम्हीच सांगा."

"आणि मासे?" मी बरणीकडे बघून विचारलं. "मी गेलो, तर मासे कोण सांभाळणार साहेब?" शेवटचा प्रयत्न होता तो!

साहेब आईकडे वळले. "मावशेनु, माझे दोन मासे तुमच्याकडे ठेवू? पाणी रोज बदला, पण नळाचा थेट नको, तेच्यात औषध असता. आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवलेला घाला. जमतला?"

"न जमाक काय झाला?" आई म्हणाली. "कालचा पाणी. बरां."

पाणी मुरवण्याचं सगळं शास्त्र बाजूला सारून साहेबांनी एका वाक्यात काम उरकलं! पाणी रोज बदललं तर अमोनिया साठणारच कुठे? आणि हे आईला सांगितलं की कळतं, हेही मला त्या दिवशी कळलं. एका पिंपातलं कालचं पाणी ओतायचं राहिलं होतं, त्याने टाकी भरली गेली, मासे आत सोडले गेले. ते थोडा वेळ कोपऱ्यात थांबले आणि मग अगदी आरामात फिरायला लागले. साहेब त्यांच्याकडे डोळे भरून बघून विमानतळावर गेले.

सोमवारी मी शिवदासला सांगितलं. त्याने मला मिठीच मारली. त्याला कारण सांगायचं मी टाळलं आणि त्यानेही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी मी निघालो. बॅग भरून झाली, सुनंदाने डब्याची पिशवी हातात दिली. आई टाकीसमोर उभी होती. मासे तिच्या बोटामागे इकडून तिकडे जात होते. मी वाकून नमस्कार केला. तिचे डोळे ओले होते, माझेही. मला म्हणायचं होतं की आई, मी तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"आई," मी म्हणालो, "तू एवढं केलंस आणि शेवटी बदली काही टळली नाही गं."

आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी गणित चुकलं की बघायची तसं.

"टळतली कशी?" ती म्हणाली. "देवाक दिल्ला पाणी रोज काढून मोरीत ओतलंस, मगे देव पावतलो कसो?"

इतकी वर्षं पाणी तपासतोय मी. पण या निष्कर्षात मला अजून चूक सापडलेली नाही!